वाचकांचे प्रश्न : उष्माग्राही कशाला म्हणायचे?

प्रश्न : अभिक्रिया सुरू करायला तापवावे लागले, तर ती उष्माग्राही, म्हणजे उष्णता शोषणारी, असे मुलांच्या वहीत लिहिलेले असते. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि ही चूक वेळीच सुधारायला हवी. मॅग्नेशियमची फीत पेटवायला ज्योत लागते, पण पेटल्यावर ती स्वतःच भरपूर उष्णता बाहेर टाकते. ती उष्मादायी अभिक्रिया. ज्योतीने दिली ती फक्त सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया सुरू होण्यापुरती लागणारी ऊर्जा. उष्माग्राही की उष्मादायी हे सगळा हिशेब झाल्यावर ठरते. उत्पादितांची (तयार झालेल्या पदार्थांची) एन्थॅल्पी, म्हणजे ढोबळमानाने त्यांच्यात साठलेली ऊर्जा, अभिकारकांपेक्षा (मूळ पदार्थांपेक्षा) जास्त भरली, तर फरक धन येतो आणि तेवढी उष्णता बाहेरून आत गेलेली असते.

चुन्याची भट्टी पाहा. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीपासून ५६ ग्रॅम चुनकळी आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. त्यासाठी सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते, तीही ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास. आच कमी पडली की काम थांबते. दगड फार मोठा असेल, तर आलेली उष्णता बाहेरचा थरच खातो आणि गाभा कच्चा राहतो. अशी कळी विरवली की मधला खडा पाण्यात तसाच उरतो. भट्टीत साधारण एकाच आकाराचे दगड भरायचे ते यासाठीच.

प्रश्न : मग ही शोषलेली उष्णता जाते कुठे?

उत्तर : ती उत्पादितांमध्ये रासायनिक ऊर्जा म्हणून राहते. त्याच ५६ ग्रॅम चुनकळीवर पाणी घातले की सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. विरवताना पाणी उकळू लागते ते त्यामुळे. पुढे भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, तेव्हा उरलेले ११३ बाहेर येतात; मात्र इतक्या सावकाश की हाताला जाणवत नाहीत. ६५ आणि ११३ मिळून बरोबर १७८.

प्रश्न : घरी करून दाखवता येईल असा, आच न लागणारा प्रयोग सांगा.

उत्तर : खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व. मोठ्या कागदी पेल्यात ५० मिलिलीटर पाणी घेऊन १० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा. ते विरघळतानाच पाणी थोडे गार होते. म्हणून पाणी पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर तो फरक अभिक्रियेच्या नावावर जाईल. मग १३ ग्रॅम सोडा चमच्याचमच्याने घालत ढवळा. आठ-दहा अंशांची घट सहज दिसते. सोडा विरघळण्यातही उष्णता खर्च होते, तेव्हा ही घट दोन्हींची मिळून आहे.

फसते ते बहुधा भांड्यामुळे. स्टीलचा पेला बाहेरची उष्णता झटकन आत आणतो. सगळा सोडा एकदम टाकला तर फेस उतू जातो. बेकिंग पावडर किंवा धुण्याचा सोडा वापरू नका. तापाचा थर्मामीटरही उपयोगाचा नाही, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो, प्रयोगशाळेतला हवा. नोंद सर्वांत खालच्या आकड्याची करा. अभिक्रिया संपली की पाणी हवेतून उष्णता घेत पुन्हा कोमट होऊ लागते, आणि उशिरा पाहणाऱ्याला काहीच घडले नाही असे वाटते.

प्रश्न : बर्फ वितळणे ही उष्माग्राही अभिक्रिया म्हणता येईल का?

उत्तर : उष्माग्राही, हो, एक किलो बर्फाला वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल लागतात. पण अभिक्रिया नव्हे, कारण नवा पदार्थ तयार होत नाही. युरिया पाण्यात विरघळताना बादली गार पडते, तिथेही हेच. उत्तरपत्रिकेत अशा ठिकाणी ‘उष्माग्राही बदल’ किंवा ‘उष्माग्राही प्रक्रिया’ लिहावे.