पॅरिसचं हाडांचं भुयार आई-बाबांना दाखवावं का?

प्रश्न इंदूरहून आलाय, म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या छत्र्यांवर आपण निवांत बसतो, पण छत्री हे दहनानंतरचं स्मारक. पॅरिसच्या भुयारात खरी हाडं समोर रचलेली असतात, सुमारे ६० लाख माणसांची. शहरातली दफनभूमी ओसंडून वाहू लागली, तेव्हा १७८६पासून तिथली हाडं जुन्या दगडखाणींत हलवली. मांडीच्या हाडांची भिंत आणि मधे कवट्यांची नक्षी! पहिली पाच मिनिटं पोटात गोळा येतो, मग माणूस चक्क रचना बघायला लागतो.

खरी अडचण भीतीची नाही, गुडघ्यांची आहे. १३१ पायऱ्या खाली, ११२ वर, मधे दीड किलोमीटर चाल, लिफ्ट नाही. आत बाराही महिने १४ अंशांच्या आसपास थंडी, तेव्हा स्वेटर न्या. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. हाडांना हात लावायचा नाही, आणि कवटीसोबत सेल्फी तर नकोच.

आईंना चढ झेपत नसेल तर त्यांना वरच कॉफी पाजा. घरी येऊन आंघोळ करायची का, हे मात्र आजीला विचारा. माझ्या आजीने मला दारातच थांबवलं होतं.