निकाल १०० टक्के, पण नववीत किती मुलं होती?

तुम्ही विचारलंय की मुलगी आठवीत जाणार आहे, गावातल्या अनुदानित शाळेचा दहावीचा निकाल १०० टक्के लागतो, तरी बरेच जण मुलांना तालुक्याला पाठवतात. मग गावची शाळा चांगली की नाही, हे ओळखायचं कसं?

गेटवरचा फ्लेक्स आधी बाजूला ठेवा. मी अशाच एका शाळेत २६ वर्षं क्लार्क होतो. १०० टक्के निकाल कसा लागतो, ते ऑफिसच्या खिडकीतून चांगलं दिसायचं.

जूनमध्ये शाळा उघडली की नववीतल्या कच्च्या पोरांच्या घरी निरोप जायचा. हेडमास्तर गोड बोलायचे, “नापास नाही करत आम्ही. दाखला न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून दहावी होऊन जाईल.” एक आई शेतातून तशीच आली होती. हाताचा चिखल लागू नये म्हणून दाखला दोन बोटांत धरलेला. “म्हंजे आता ह्यानं शाळेत यायचं न्हाई का?” मी म्हटलं, घरी अभ्यास करायचा. दाखला मीच लिहिला होता. खासगीरीत्या बसलेलं पोर शाळेच्या टक्केवारीत येत नाही, एवढीच त्यातली गोम.

म्हणून गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि यंदा दहावीत किती आहेत, हे बघा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस नंबर असतो, त्यावरून वर्गवार पटसंख्या ऑनलाइन दिसते. दोन-तीन मुलं कमी झाली तर समजू शकतो, वडिलांची बदली होते, ऊसतोडीला जातात. पंधरा कमी झाली तर फ्लेक्सकडे बघूसुद्धा नका.

दुसरं, गणित आणि विज्ञान कोण शिकवतं? अनुदानित शाळेत मास्तर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि ती जागा कधीकधी वर्षानुवर्षं भरली जात नाही. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, किंवा पीटीचे सर बीजगणित घेतात. हे हेडमास्तरांना विचारू नका, आठवीतल्या पोराला विचारा. त्याच पोराची प्रयोगवही मागा. दहावीला विज्ञानाचे २० गुण शाळेच्याच हातात असतात, त्यामुळे वह्या सुरेख असतात. आमच्याकडे प्रयोगशाळेच्या कुलपाला गंज होता आणि वह्यांत लिटमस निळ्याचा लाल होत होता.

सेमी इंग्रजी आहे असं सांगतील. पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं सगळं मराठी, असंही सेमी असतं. एक तास दाराबाहेर उभं राहून ऐका.

आता शाळेच्या बाजूनंही बोलतो, नाहीतर माझंच मीठ अळणी व्हायचं. आमच्या शाळेत एक बाई आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी सकाळी साडेनऊला बसवायच्या, एक पैसा न घेता. ही शिष्यवृत्ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या कमी उत्पन्नाच्या घरच्या मुलांनाच मिळते, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. महागड्या खासगी शाळेतल्या पोराला त्या परीक्षेला बसताच येत नाही. तुमच्या शाळेतून गेल्या तीन वर्षांत किती जण लागले, हे जरूर विचारा. असा एखादा जरी शिक्षक असला तरी मी त्या शाळेला बरेच गुण देईन.

तालुक्याला पाठवायचं म्हटलं तर ग्रामीण मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पैशांचा प्रश्न नाही. पण शाळा सुटते कधी आणि परतीची गाडी कधी, ते स्टँडवर एक संध्याकाळ बसून बघा. आणि दोन्ही शाळांत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, ते घरातल्या बाईमाणसाला आत पाठवून खात्री करा. आमच्याकडे नळ होता, टाकी नव्हती.

नववी-दहावीचा आकडा जुळला आणि गणिताला कायम शिक्षक असला, तर मी गावातच ठेवीन.