त्या दोनदा जाऊन आल्या होत्या

“काही त्रास नाही, गाठ लागत नाही, दुखत नाही. मग मॅमोग्राफी कशाला करायची? आणि केली, नि नको ते निघालं तर?”

स्तनाच्या कर्करोगाच्या या तपासणीबद्दल चाळिशी ओलांडलेल्या बायकांकडून मी हा प्रश्न वारंवार ऐकते. उत्तर द्यायला बसले की मला एक बाई आठवतात. त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

त्या ५२ वर्षांच्या. शिवणकामाच्या कारखान्यात नोकरी. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जायचे. धाकट्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला होता, तिचे उपचार पार पडले होते, आणि डॉक्टरांनी या थोरल्या बहिणीलाही मॅमोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली होती. चिठ्ठी आठ महिने पर्समध्येच. मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, “आई घाबरते हो मॅडम. तुम्ही समजवा.”

मी समजावलं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दाब पडतो, काहींना दुखतं, पण तो दाब काही सेकंदांचाच. किरणांचं म्हणाल तर आपल्या भोवतालच्या निसर्गातून काही आठवड्यांत जेवढे आपसूक मिळतात, साधारण तेवढेच. हाताला लागण्याच्या आधीच गाठ त्यात दिसू शकते. म्हणूनच ती त्रास नसताना करायची असते. त्रास असेल तर, म्हणजे नवी गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंड आत वळलं किंवा त्यातून रक्तासारखं पाणी आलं, तर स्क्रीनिंगच्या, म्हणजे त्रास नसताना करायच्या तपासणीच्या, तारखेची वाट बघत बसायचं नाही, सरळ डॉक्टरांकडे जायचं.

त्या मान हलवत राहिल्या. “हो मॅडम, पटतंय.”

दुसऱ्या भेटीत बहिणीचा विषय निघाला. “तिचं झालं, आता माझी पाळी,” असं त्यांनी मनात धरलं होतं. सख्ख्या बहिणीला झालेला असेल तर धोका वाढतो, हे मी लपवलं नाही. पण स्तनाच्या कर्करोगांपैकी थेट आनुवंशिक दोषामुळे होणारे ५ ते १० टक्केच असतात, आणि हा आजार होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कुणालाच झालेला नसतो, हेही सांगितलं. त्यांचा चेहरा जरा सैलावला. मी फाइलमध्ये लिहिलं: तपासणीची भीती, कमी होत आहे.

तिसऱ्या भेटीत त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. घड्या पडून ती मऊ झाली होती. मागच्या बाजूला पेन्सिलीने दोन तारखा लिहिलेल्या.

“या कसल्या तारखा?”

“मी गेले होते त्या.”

त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा तपासणी करणारा टेक्निशियन पुरुष होता. कुणी बाई आहे का, असं त्यांनी विचारलं, तर “आज नाहीत, करायची तर करा,” असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांदा खाडा टाकून गेल्या, तर मशीन बंद. पुढच्या मंगळवारी या म्हणाले. पुढच्या मंगळवारी तिसरा खाडा टाकणं त्यांना परवडणारं नव्हतं.

“मुलीला का नाही सांगितलंत?”

“दोनदा जाऊन हात हलवत परत आले, हे कसं सांगू? भीती वाटते म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही.”

हे वाक्य ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. भीती त्यांना होतीच. पण त्या भीतीला मागे सारून त्या दोन वेळा दारापर्यंत गेल्या होत्या, आणि मी दोन भेटी त्यांना धीर देण्यात घालवल्या. धीर त्यांच्याकडे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होता. दार बंद होतं.

तेव्हापासून ‘बायका तपासणीला येतच नाहीत’ हे वाक्य मला सहन होत नाही. कुठल्या वेळी बोलावलं, तिथे कोण होतं, किती लांब जायचं होतं, त्या दिवसाची मजुरी कुणी भरून दिली, हे विचारल्याशिवाय ते कुणी बोलू नये.

मी त्या केंद्रात फोन केला. महिला टेक्निशियन होत्या; आठवड्यातून दोन दिवस. ही माहिती चिठ्ठीवर नव्हती, भिंतीवरही नव्हती. मी लेखी विनंती दिली: हे दिवस चिठ्ठीवर छापा, आणि महिन्यातून एका शनिवारीही महिला टेक्निशियन ठेवा. बाईंना मी एवढंच म्हटलं होतं की कारखान्यात आणखी कुणाचं असं झालंय का, बघा. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत विचारत विचारत यादी केली. चौदा जणींच्या चिठ्ठ्या घरी पडून होत्या. मग त्यांनीच मालकांना अर्ज लिहिला: तपासणीसाठी अर्धा दिवस, पगार न कापता.

मालकांना आणि केंद्राला द्यायला मी एक पान तयार केलं होतं. त्यात जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा होता: २०२२ मध्ये जगात सुमारे २३ लाख बायकांना स्तनाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं आणि ६ लाख ७० हजार दगावल्या. त्याच संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेची उद्दिष्टं होती: निदान होणाऱ्यांपैकी किमान ६० टक्के पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, तक्रार घेऊन आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्के रुग्णांचे उपचार अर्धवट राहू नयेत. मधल्या उद्दिष्टाखाली मी लाल रेघ ओढली होती. नुसतं मशीन आणून ठेवलं की झालं असं नाही. पुढचं प्रत्येक दारही उघडं हवं.

आणि मशीन नसेल तर? त्याचंही उत्तर त्या पानावर होतं. मुंबईत १९९८ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी केली, फक्त हाताने. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्यांपैकी पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांनी कमी होतं. पन्नाशीच्या आत तेवढा फायदा दिसला नाही. शिकवलेले हात असतील तर महागड्या यंत्राची वाट बघत वर्षं घालवायला नकोत, असं मला वाटतं.

कधीपासून करायची, यावर देशोदेशी वेगळे नियम आहेत. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये चाळिशीपासून दर दोन वर्षांनी अशी शिफारस केली. तुमचं वय आणि घरातला इतिहास बघून डॉक्टर सांगतील.

पाच महिने गेले. मग पहिला शनिवार मिळाला. सहा जणी गेल्या, बाई सगळ्यांत पुढे.

चार दिवसांनी त्यांना पुन्हा बोलावणं आलं: आणखी एक फिल्म आणि सोनोग्राफी. ‘नको ते निघालं तर’ म्हणतात ते हेच. पुन्हा बोलावलेल्या बहुतेक जणींना कर्करोग नसतो, पण ते दिवस काढावेच लागतात. शिवाय, कधीच त्रास दिला नसता अशी एखादी गाठही तपासणीत सापडते आणि तिच्यावर उपचार होतात. हे बाईला आधी सांगायलाच हवं. तो तिचा हक्क आहे. मी बाईंना आधी सांगून ठेवलं होतं. तरी ते नऊ दिवस त्या झोपल्या नाहीत. मला रोज रात्री एक मेसेज यायचा: जागी आहे. मी उत्तर द्यायचे: मीही.

पाण्याची गाठ निघाली. साधी. बाकीच्या पाचांपैकी एकीला बायोप्सीला, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला, पाठवलं. तिची गोष्ट तिची आहे, ती मी सांगणार नाही.

चिठ्ठीवर आता महिला टेक्निशियनचे दिवस छापलेले असतात. दुसऱ्या एका केंद्राला आम्ही तीच विनंती केली, तिकडून उत्तर नाही. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी मिळून तिथे जाणार आहोत. बाईंनी या वेळी खाडा टाकलेला नाही. पगारी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि ती मिळाली.