काळ्या गाडीचे फोटो: नवीन कॅमेरा घेण्याआधी दारात काय दिसते ते पाहा

तुम्ही कराडहून पोस्टला जोडलेले काळ्या सेडानचे तिन्ही फोटो मी नीट पाहिले. ‘गाडी समोर उभी असते तेव्हा इतकी सुंदर दिसते, मग फोटोत ती मळकट का येते, आणि १८-५५ मिमीची झूम लेन्स सोडून फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा घ्यावा का’ हा तुमचा प्रश्न वाचून मला माझी अकरा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. दारांवरचे पांढरे फराटे, बॉनेटवर उमटलेली फांदी आणि फुगल्यासारखा दिसणारा पुढचा भाग या तिन्ही गोष्टी माझ्या जुन्या फोटोंत जशाच्या तशा आहेत. म्हणून आधीच सांगतो की कॅमेरा घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी घेऊ नका.

फोकस, ट्रायपॉड, रॉमध्ये फोटो काढणे हे सगळे तुम्हाला येते हे फोटोंवरूनच कळते, त्यामुळे त्यावर लिहीत नाही. फुगलेल्या बंपरचे कारणही सोपे आहे. तुम्ही लेन्स १८ वर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यावर, ठेवून जवळ गेला आहात. दहा-बारा पावले मागे या, ५५ वर काढा आणि कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर आणा, म्हणजे तो दोष जाईल.

फराट्यांविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण माझे सर्वाधिक नुकसान त्यांनीच केले. साताऱ्यात लग्नासाठी गाड्या भाड्याने देणाऱ्या एका परिचितांनी त्यांच्या चार गाड्यांचे फोटो काढण्याचे काम मला दिले होते. पैसे घेऊन केलेले माझे ते पहिलेच काम. पवनचक्क्यांची पार्श्वभूमी मिळावी म्हणून मी चारही गाड्या ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर नेल्या, आणि मागे काय दिसेल एवढाच विचार करून मे महिन्यातल्या भर दुपारी फोटो काढले. आपल्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर असतो, त्यामुळे टप आणि बॉनेट पांढरेफटक पडले आणि दारे अंधारात गेली. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक दारात मी होतो: पांढरा सदरा घातलेला, शेजारी ट्रायपॉड, मागे आमची आणखी एक गाडी आणि विजेच्या खांबांची रांग. परिचितांनी एकही फोटो वापरला नाही. चार चालकांचा दिवस आणि डिझेलचा खर्च त्यांना सोसावा लागला, आणि पुढचे कामही मला मिळाले नाही.

ते फोटो घेऊन मी दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसाने दोन मिनिटे फोटो पाहिले आणि ‘या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आहे, काळा रंग त्याला झेपत नाही’ असे ठामपणे सांगितले. मी भिशी उचलली, उरलेल्या रकमेचे हप्ते बांधून घेतले आणि नवा कॅमेरा घरी आणला. पुढच्या फोटोंत तेच खांब अधिक स्पष्ट आले. गाडी कुठे उभी केली होती, किती वाजता, तुम्ही कुठे उभे होतात, हे तीन प्रश्न त्या माणसाने विचारले असते तर माझी दीड वर्षाची बचत वाचली असती. ग्राहकाची अडचण समजून न घेता त्याला वस्तू विकणे मला आजही अन्यायाचे वाटते, आणि तुमच्या पोस्टखाली काहींनी तोच सल्ला दिलेला पाहून राहवले नाही.

खरे कारण मला एका सकाळी अंगणात गाडी पुसताना कळले. दोरीवर वाळत घातलेली साडी दाराच्या पत्र्यावर काठापदरासह दिसत होती. गाडीचा रंग, विशेषतः काळा, हा बाकदार आरसाच असतो. दाराच्या फुगवट्याचा वरचा भाग आकाश दाखवतो, खालचा भाग जमीन दाखवतो आणि मधल्या पट्ट्यात तुमच्या पाठीमागचे क्षितिज उमटते. म्हणून गाडीच्या मागे काय आहे याच्याआधी तुमच्या मागे काय आहे हे पाहावे लागते. तुमच्या फोटोंतले फराटे म्हणजे बहुधा समोरच्या इमारतीचा चुना आणि मधल्या फटीतून दिसणारे आकाश आहे.

यावर माझा उपाय असा. तुमच्या पाठीशी पश्चिमेची मोकळी बाजू येईल अशी जागा शोधा, गडद डांबरावर गाडी उभी करा आणि सूर्य मावळल्यानंतरची साधारण वीस मिनिटे वापरा. त्या वेळी सगळे पश्चिम आकाश एका मोठ्या मऊ दिव्यासारखे काम करते आणि दाराच्या कडेने उजेडाची एकच सलग रेघ धावते. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचे छिद्र एफ ८, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर एवढे पुरते. शटर एखाद-दुसरा सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. स्वतः गडद कपडे घाला. चाके थोडी वळवून रिमचा चेहरा कॅमेऱ्याकडे आणा. पांढऱ्या गाडीचे गणित वेगळे आहे: तिथे जमिनीवरच्या जांभ्या दगडाची तांबूस झाक दारांच्या खालच्या भागावर चढते, आणि कॅमेरा पांढऱ्या गाडीला करडी करून टाकतो म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडे वाढवावे लागते.

जागेविषयी एक कळकळीची विनंती. फुलांच्या दिवसांत कास पठारावर फोटोसाठी गाडी रस्त्याखाली उतरवू नका. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे हा मान बाजूला ठेवला तरी, जांभ्यावरच्या मातीचा थर इतका पातळ असतो की एका टायरच्या खुणेखाली त्या जागेची फुले जातात. साताऱ्याहून कासला जाताना लागणाऱ्या यवतेश्वरच्या घाटातही वळणावर थांबू नका.

खर्च करायचाच असेल तर पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावून फिरवता येणारी काच, घ्या. तो काचेवरची आणि रंगाच्या पारदर्शक थरावरची चमक कापतो, क्रोमवर मात्र त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांचा कोन असताना तो सर्वाधिक काम करतो आणि अगदी समोरून काहीच करत नाही, आणि गाडीची काच व दार वेगवेगळ्या कोनांत असतात, त्यामुळे काच स्वच्छ झाली की दार पुन्हा चमकते. मी ट्रायपॉड न हलवता फिल्टर वेगवेगळा फिरवून दोन-तीन फोटो काढतो आणि नंतर जोडतो. सगळीच चमक काढली तर गाडी प्लॅस्टिकची वाटते, असे माझे मत आहे. इतरांचे वेगळे असू शकते, आणि मी व्यावसायिक नाही हेही लक्षात घ्या. फिल्टर घेताना लेन्सच्या पुढच्या कडेवरचा व्यासाचा आकडा पाहून घ्या. जुन्या १८-५५ लेन्सपैकी अनेकींचा पुढचा भाग फोकस करताना फिरतो आणि त्याबरोबर फिल्टरही फिरतो, तेव्हा आधी फोकस करून तो मॅन्युअलवर ठेवा आणि मगच फिल्टर फिरवा.