तीन वर्षे पूर्ण झालेल्या गाडीचा विमा: केवळ थर्ड पार्टी की कॉम्प्रिहेन्सिव्ह?

आपल्या १२०० सीसीच्या गाडीला तीन वर्षे पूर्ण होत आहेत, गाडी ठाण्यात सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये उभी असते आणि एजंटने थर्ड पार्टी व ‘फुल इन्शुरन्स’ (म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह) असे दोन आकडे पाठवले आहेत. दुसरा आकडा जवळपास चौपट आहे, तर त्या जादा पैशांत नेमके काय मिळते, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम थर्ड पार्टीविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार हा विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरील कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी जखमी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्या व्यक्तीचे वय, उत्पन्न आणि तिच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते, आणि ती रक्कम कितीही मोठी असली तरी विमा कंपनी ती देते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी मात्र खासगी गाडीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला तो वर्षाला ३,४१६ रुपये अधिक जीएसटी असा आहे, त्यामुळे या भागासाठी कंपन्यांची तुलना करण्यात वेळ घालवू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते. म्हणूनच ती आपल्यासमोर आता प्रथमच नूतनीकरणाला आली आहे.

या विम्यात आपली गाडी नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. गाडीत बसलेली आपली माणसेही त्यात येत नाहीत, याकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते आपला निर्णय याच मुद्द्यावर व्हायला हवा. खासगी गाडीतील प्रवाशांची जबाबदारी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजेच पॅकेज पॉलिसीत येते, केवळ कायद्यापुरत्या, म्हणजे नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केला आहे. आपण आई-वडिलांना, मुलांना किंवा कार्यालयातील सहकाऱ्याला गाडीत बसवत असाल, तर चौपट हप्त्याचा विचार बंपरवरील ओरखड्यांच्या हिशेबाने करू नये.

मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा आणखी वेगळा भाग आहे. तो मृत्यू व ठरावीक स्वरूपाच्या कायमच्या अपंगत्वासाठी असतो, रुग्णालयाच्या बिलासाठी नाही. तेवढ्याच रकमेची अपघात पॉलिसी आधीपासून असल्यास तसे लेखी कळवून हा हप्ता वाचवता येतो.

आता ओन डॅमेज, म्हणजे पॅकेज पॉलिसीतील आपल्या स्वतःच्या गाडीसाठीचा भाग. अपघात, चोरी, आग, पूर, दरड, दंगल यांत आपल्या गाडीचे होणारे नुकसान यात भरून मिळते, पण पूर्ण नव्हे. गाडी चोरीला गेल्यास मिळणारी रक्कम आयडीव्हीवर, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीवर ठरते आणि प्रचलित तक्त्यानुसार चौथ्या वर्षात त्यासाठी ४० टक्के घसारा (वयामुळे होणारी किमतीतील घट) धरला जातो. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट आयडीव्ही आणखी खाली आणतात, ते स्वीकारू नये. दुरुस्तीत प्लास्टिक, रबर व बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काहीच नाही, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार. समजा, १२,००० रुपयांचा प्लास्टिक बंपर बदलला, तर ६,००० घसाऱ्यात जातात, १,००० सक्तीच्या वजावटीचे (दाव्यातील आपण स्वतः सोसायची रक्कम), आणि हातात ५,००० येतात. ‘झिरो डेप’ हे जादा कव्हर घेतल्यास हा घसारा कापला जात नाही; सक्तीची वजावट मात्र राहते, आणि वर्षातून किती दावे चालतील यावरही मर्यादा असते, जी अनेक कंपन्यांत दोनची आहे.

त्या ५,००० रुपयांसाठी दावा करावा का, हेही पाहावे. तीन वर्षे दावा न केल्यामुळे आपल्याला ओन डॅमेजच्या हप्त्यावर ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट, मिळायला हवा. पुढे तो ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत जातो. एका दाव्याने तो शून्यावर येतो आणि पुन्हा २० टक्क्यांपासून चढावे लागते. लहान दुरुस्ती खिशातून करणे बहुधा स्वस्त पडते.

आपले पार्किंग तळघरात असल्याने इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर मी आवर्जून घ्यायला सांगेन. पाण्यात बुडालेल्या गाडीची आसने, वायरिंग वगैरेंचे नुकसान ओन डॅमेजमध्ये येते, पण पाणी शिरलेले इंजिन सुरू करण्याच्या प्रयत्नात निकामी झाले, तर कंपनी ते पुराचे थेट नुकसान मानत नाही. हे कव्हर असले तरी पाण्यातील गाडीला स्टार्टर मारू नये; ती टो करूनच न्यावी. चावी हरवण्याचे किंवा प्रवासी सामानाचे कव्हर मी घेणार नाही.

तेव्हा पॅकेज पॉलिसी, झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्ट एवढेच ठेवून किमान तीन कंपन्यांचे आकडे एकाच आयडीव्हीवर मागवावेत. बाहेरून सीएनजी किट बसवले असेल, तर त्याची नोंद आरसी आणि पॉलिसी या दोन्हींत करून घ्यावी. मुदत संपण्याआधीच पैसे भरावेत: नंतर ओन डॅमेजसाठी गाडीची तपासणी करावी लागते, ९० दिवस उलटल्यास बोनस जातो, आणि मधल्या काळात अपघात झाला तर न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई आपल्याला स्वतः द्यावी लागते.