सिगारेटची भरपाई गोळीने होते का?

प्रश्न : माझे वय ४६ असून अनेक वर्षांपासून मी रोज आठ-दहा सिगारेटी ओढतो. धूम्रपानामुळे शरीरातील अँटिऑक्सिडंट (पेशींचे नुकसान रोखणारी द्रव्ये) कमी होतात असे वाचल्यापासून मी ‘क’ जीवनसत्त्व, ‘ई’ जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटीन यांच्या गोळ्या घेत आहे. नुकताच व्यायामही सुरू केला आहे. गोळ्यांनी नुकसान भरून निघेल का? रक्तातील अँटिऑक्सिडंटची पातळी तपासून घ्यावी का?

उत्तर : बीटा कॅरोटीनची गोळी आधी थांबवावी. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतील अशीच एक चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. बीटा कॅरोटीन असलेले गाजर खाण्यावर मात्र कोणतेही बंधन नाही, कारण हा धोका मोठ्या मात्रेच्या गोळ्यांत दिसला आहे, भाज्यांत नव्हे.

सिगारेटच्या धुरातून फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, थेट शरीरात येतात आणि त्यांना निष्प्रभ करण्यात ‘क’ जीवनसत्त्व झपाट्याने खर्ची पडते, हे आपण वाचले ते खरेच आहे. म्हणूनच अमेरिकेच्या आहारविषयक शिफारशींत धूम्रपान करणाऱ्यांसाठी या जीवनसत्त्वाची रोजची गरज ३५ मिलिग्रॅमने अधिक धरलेली आहे. एवढी वाढीव गरज एका संत्र्यातून सहज भागते. मोठ्या मात्रेची गोळी घेतली तरी रक्तातील पातळी एका मर्यादेपलीकडे फारशी चढत नाही, जास्तीचे लघवीवाटे निघून जाते आणि धुरातली इतर रसायने आपले काम करीतच राहतात.

शिवाय फ्री रॅडिकलपासूनच्या संरक्षणाचा मोठा भाग आपण खात नाही, तो शरीर स्वतः घडवते. ग्लुटाथायोन हे अँटिऑक्सिडंट आणि फ्री रॅडिकलना निष्प्रभ करणारी विकरे (एन्झाइम) पेशींमध्येच तयार होतात. त्यांतील काही विकरांना सेलेनियम, जस्त, तांबे, मँगनीज ही खनिजे लागतात, जी कडधान्ये, तेलबिया, अख्खी धान्ये, अंडी अशा साध्या मिश्र आहारातून मिळतात. (टोमॅटोतील लायकोपीन हे अँटिऑक्सिडंट तो थोड्या तेलात शिजवल्यास अधिक शोषले जाते, उलट ‘क’ जीवनसत्त्व भाजी उकळून पाणी फेकल्यास बरेच वाया जाते. त्यामुळे सगळे कच्चेच खावे हा आग्रह मला पटत नाही.) अतिमद्यपानाने यकृतातील ग्लुटाथायोन घटते, हेही ध्यानात असावे.

आपला व्यायाम मला गोळ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. श्रम करताना स्नायूंत फ्री रॅडिकल वाढतात आणि तीच वाढ पेशींना स्वतःची संरक्षक विकरे वाढवण्याचा इशारा देते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तरुणांना चार आठवडे व्यायाम देण्यात आला. ज्यांना सोबत रोज १,००० मिलिग्रॅम ‘क’ आणि ४०० युनिट ‘ई’ जीवनसत्त्व दिले, त्यांच्यात ही विकरे वाढली नाहीत आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसादही सुधारला नाही. इशाराच दडपला गेला, असा त्याचा अर्थ लावला जातो. आपल्याला कमतरतेमुळे डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नसतील, तर उरलेल्या दोन्ही गोळ्याही बंद कराव्यात असे मी सुचवेन.

तपासणीची गरज नाही. रक्ताच्या एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेत युरिक आम्लाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे गाउटच्या (युरिक आम्ल वाढून होणाऱ्या सांधेदुखीच्या) रुग्णाचा आकडाही उत्तम दिसू शकतो. डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्याऐवजी सिगारेट सोडण्यासाठी निकोटीनचे पॅच, च्युइंगगम किंवा औषध यांपैकी आपल्याला काय योग्य ठरेल, हे विचारावे.