तीन दिवसांत येतो तो म्हातारचळ नसतो

प्रश्न : बाबांचा डावा गुडघा दुखतो. काठी कोणत्या हातात धरावी?

उत्तर : उजव्या. मूठ मनगटाच्या उंचीला यावी. खालचं रबर झिजलं की बदला.

प्रश्न : सासूबाई ८१ वर्षांच्या. परवापर्यंत पेपर वाचायच्या. तीन दिवसांपासून दिवसा झोपतात, रात्री ‘घरात माणसं शिरलीत’ म्हणतात, मला ओळखत नाहीत. शेजारी म्हणतात, म्हातारचळ. एकांनी स्मरणशक्तीचं महागडं चूर्ण दिलंय. सुरू करू?

उत्तर : नको. त्यांना आजच डॉक्टरांकडे न्या. अशी पत्रं सतत येतात आणि प्रत्येकात शेजाऱ्यांनी निदान करून टाकलेलं असतं! स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. तीन दिवसांत माणूस बदलला तर शरीरात काहीतरी बिघडलंय. याला डेलिरियम म्हणतात. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, उतरलेलं सोडियम, कमी झालेली साखर, तुंबलेली लघवी, साधी बद्धकोष्ठतासुद्धा कारण असू शकते. उतारवयात संसर्ग असूनही कधीकधी ताप येत नाही, तेव्हा ‘अंग तर गार आहे’ म्हणून थांबू नका. सर्दीची किंवा झोपेची नवी गोळीही एवढा गोंधळ घालते; घरातली सगळी औषधं, ते चूर्णही, पिशवीत घालून न्या. मागच्या महिना-दोन महिन्यांत त्या पडल्या होत्या का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आवर्जून सांगा. डोक्यातला रक्तस्राव इतक्या उशिराही उघड होतो. यातलं बरंच काही वेळेवरच्या उपचारांनी सुधारतं, म्हणूनच ‘बघू दोन दिवस’ ऐकलं की माझा जीव तुटतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोबडी वळली तर थेट मोठं रुग्णालय गाठा. ही पक्षाघाताची लक्षणं असू शकतात आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ती सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

प्रश्न : झोप लागत नाही. मित्राची गोळी अर्धी घेऊ?

उत्तर : अजिबात नाही. डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : आईला स्मृतिभ्रंश आहे. तेच तेच विचारते, मी खेकसते, मग रात्री रडते. मी वाईट मुलगी आहे का?

उत्तर : नाही, तुम्ही दमला आहात. सलग झोप शेवटची कधी मिळाली? भावंडांना नुसतं ‘मदत करा’ म्हणू नका. ‘शनिवारी रात्री तू आईजवळ थांब’ असा वार ठरवून द्या. कुणीच नसेल तर १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनवर विचारा. आणि आईला पुढच्या तपासणीला न्याल तेव्हा स्वतःचाही केसपेपर काढा.